सावत्र बापाची कमाई

'पोटगी' हा शब्द मला नेहमीच नेमका वाटत आलाय. कायद्याच्या पुस्तकात 'निर्वाह', 'भरणपोषण' असे जडशीळ शब्द आहेत. पण पोटगी म्हटलं की थेट पोट डोळ्यासमोर येतं. कोणाचं तरी पोट, आणि ते भरायचं कोणी हा प्रश्न.

मध्यंतरी अमेरिकेतल्या माझ्या भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, इथे एका मैत्रिणीचा घटस्फोट झालाय, पदरात मुलगा आहे. आता ती पुन्हा लग्न करतेय. पहिला नवरा म्हणतो, घरात दुसरा कमावता आला, मग मुलाचे पैसे मी कशाला द्यायचे? असं असतं का गं?" मी काही वकील नाही. पण तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की तो पहिल्यांदा कधी विचारला गेला हे शोधायची खोड लागली आहे. शोधत गेले तर हा प्रश्न निदान दोनशे वर्षांचा निघाला. तेव्हा मंडळी, आज त्याचीच गोष्ट. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात इंग्लंडमधून करू, कारण आपल्या आणि अमेरिकेच्या कायद्याची नाळ तिथे आहे. राणी एलिझाबेथच्या काळात, १६०१ साली, गरिबांसाठी एक कायदा झाला. गावातल्या निराधारांना गावाने कर गोळा करून पोसायचं. पण आधी जवळच्या नातेवाइकांनी. त्यात आईबाप, आजीआजोबा आणि मुलं एवढ्यांची नावं होती. सावत्र बाप त्या यादीत नव्हता.

तो आला १८३४ साली. गरिबांवरचा खर्च वाढत चाललाय म्हणून पार्लमेंटने नवा कडक कायदा केला. वर्कहाउसं, म्हणजे डिकन्सच्या कादंबऱ्यांत भेटणारी ती भयाण अनाथालयवजा घरं, याच कायद्यानंतर देशभर पसरली. या कायद्याच्या ५७व्या कलमात म्हटलं होतं, की जो पुरुष मुलं असलेल्या बाईशी लग्न करील, त्याने ती मुलं आपल्या कुटुंबातली समजून पोसली पाहिजेत. मुलं औरस असोत की अनौरस. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत, किंवा त्यांची आई मरेपर्यंत.

हे शेवटचं वाक्य वाचून मी थबकले. आई गेली की जबाबदारी संपली! म्हणजे नातं त्या पुरुषाचं आणि मुलाचं नव्हतंच. बायकोबरोबर आलेलं ते एक ओझं होतं. अर्थात त्या काळी लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, मजुरीसुद्धा नवऱ्याची होत असे (हे पुरतं बदलायला १८८२ साल उजाडलं), तेव्हा तिचं धन घेता तर तिची लेकरंही घ्या, यात एक हिशेबी न्याय होता. पण खरा हेतू सरकारी तिजोरी वाचवण्याचा होता. बाईने लग्न केलं ना, मग गावाचा खर्च वाचला!

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) याच इंग्रजांनी बावीस वर्षांनी, जुलै १८५६ मध्ये, आपल्याकडे हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी हा कायदा झाला आणि विधवांना लग्नाची मोकळीक मिळाली. ते खरंच आहे. पण पुस्तकात एवढी एकच ओळ असते, आणि मीसुद्धा वर्गात तेवढीच शिकवली, कारण परीक्षेला तेवढीच येत असे. कायद्याची पुढची कलमं निवृत्तीनंतर निवांतपणे वाचली.

दुसरं कलम म्हणतं, पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा वाटा आणि त्या घराकडून मिळणारं अन्नवस्त्र सगळं बंद. जणू ती त्या दिवशी मेली, असं समजायचं. तिसरं कलम मुलांचं. मयत नवऱ्याने मृत्युपत्रात कोणाला पालक नेमलं नसेल, तर बाईच्या लग्नानंतर त्याचे आईबाप, आजीआजोबा, किंवा कोणीही पुरुष नातेवाईक कोर्टात अर्ज करून मुलांसाठी दुसरा पालक नेमून घेऊ शकत. मात्र मुलांच्या नावावर पोटापुरती आणि शिक्षणापुरती मालमत्ता नसेल, तर आईच्या संमतीशिवाय पालक नेमता येणार नाही. नेमायचाच असेल तर त्या पालकाने मुलांच्या खर्चाची हमी कोर्टात द्यायची.

कायदा करणाऱ्याला माणसं चांगली ओळखता येत होती असं म्हणायला हवं. ज्या मुलाच्या नावावर जमीनजुमला आहे त्याच्यासाठी काका-मामा धावत येणार, आणि ज्याच्या नावावर काही नाही त्याला कोणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सावत्र बापाचं नाव मात्र या कलमांत औषधालाही नाही. इंग्लंडमध्ये 'बाई घेतलीस, मुलंही घे' असा कायदा, आणि इथे 'बाई घे, मुलं आमची राहू देत' म्हणायची नातेवाइकांना वाट. दोन्हीकडे मुलाच्या ताटातली भाकरी आईच्या लग्नाला बांधलेली.

१८६९ साली मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने वेणूबाईंचा पुनर्विवाह झाला, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. या लग्नांवर उठलेल्या वादळाबद्दल आपण खूप वाचतो. पण ज्या बायकांच्या कडेवर मूल होतं आणि ज्यांनी लग्नाचा विचारच केला नाही, त्यांच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही. लग्न की लेकरू, असा प्रश्न घातला तर बहुतेक आया काय उत्तर देतात ते सांगायला नको.

असो. आता सातासमुद्रापार जाऊ, कारण हाच प्रश्न शंभर वर्षांनी तिथे फार उघडपणे विचारला गेला.

अमेरिकेत १९३५ साली, मंदीच्या काळात, रूझवेल्टच्या सरकारने सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. त्यात बाप मेलेल्या, निघून गेलेल्या किंवा काम करण्यालायक नसलेल्या मुलांसाठी मदत होती. पैसा काही केंद्राचा, काही राज्याचा, वाटायचं काम राज्याचं. दक्षिणेकडच्या राज्यांत या मदतीवर गोऱ्या अधिकाऱ्यांची करडी नजर असे, आणि घेणाऱ्यांत काळ्या बायका बऱ्याच असत.

१९६४ साली अलाबामा राज्याने एक नियम काढला. आईशी संबंध असलेला कुठलाही धडधाकट पुरुष हा मुलांचा 'बदली बाप' समजायचा. बदली कामगार, बदली शिक्षक आपल्याला माहीत आहेत, हा बदली बाप! तो मुलांचा जन्मदाता नसला तरी चालेल. लग्न झालेलं नसलं, कायद्याने तो बांधलेला नसला तरी चालेल. एक पैसा देत नसला तरीही चालेल. तो येतो-जातो एवढं पुरे, मुलांची मदत बंद. संबंध संपला आहे हे आईने सिद्ध करायचं, आणि त्यासाठी दोन साक्षीदार आणायचे. पोलीस, पाद्री, शेजारी, किराणा दुकानदार, कोणीही. मिठामिरचीचं सामान बांधणाऱ्या माणसाने बाईच्या चारित्र्याचा दाखला द्यायचा, तर पोरांना जेवण.

जून १९६४ ते जानेवारी १९६७ या काळात अलाबामात मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६,००० ने घटली. शंभरात बावीस मुलं यादीतून गेली.

त्यांतली चार मुलं श्रीमती स्मिथ यांची. सेल्मा गाव ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे त्या राहत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चामुळे १९६५ साली जगाला माहीत झालेलं तेच सेल्मा. मुलं १४, १२, ११ आणि ९ वर्षांची. तिघांचे वडील १९५५ मध्ये वारले, चौथ्याचा बाप १९६३ मध्ये घर सोडून गेला. बाई पहाटे साडेतीनला कामावर हजर होत आणि दुपारी बारापर्यंत राबत. आठवड्याला १६ ते २० डॉलर हातात येत. शनिवार-रविवारी एक गृहस्थ त्यांच्याकडे येत असत. त्या गृहस्थांना स्वतःची बायको आणि नऊ मुलं होती. स्मिथबाईंच्या मुलांना पोसायची त्यांची ऐपत नव्हती, इच्छाही नव्हती, आणि ते पोसतही नव्हते. तरी सरकारी कागदावर ते बाप ठरले आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये मुलांची मदत थांबली.

बाई गप्प बसल्या नाहीत. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'किंग विरुद्ध स्मिथ' असं त्याचं नाव. (हे किंग म्हणजे राज्याचे खातेप्रमुख, मार्टिन ल्यूथर नव्हेत.) १७ जून १९६८ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी तो लिहिला आणि नऊही न्यायाधीशांचं बाईंच्या बाजूने एकमत झालं. निकालाचा गाभा साधा होता. १९३५ च्या कायद्यात 'बाप' म्हणजे ज्याच्यावर मुलाला पोसायची कायदेशीर जबाबदारी आहे तो. ज्याच्यावर ती नाही, त्याला बाप ठरवून मुलाच्या तोंडचा घास काढता येणार नाही. आईच्या वागण्याबद्दल सरकारचं काही म्हणणं असेल, तर त्याची शिक्षा मुलाला उपाशी ठेवून द्यायची नाही.

यात लग्न न केलेल्या पुरुषाचा प्रश्न सुटला. पण ज्याने रीतसर लग्न केलंय त्या सावत्र बापाचं काय? तो प्रश्न कॅलिफोर्नियातून आला. तिथला नियम, घरात सावत्र बाप किंवा नवऱ्यासारखा राहणारा पुरुष असेल तर त्याची कमाई मुलांच्या हिशेबात धरायची. २० एप्रिल १९७० रोजी 'लुईस विरुद्ध मार्टिन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही अमान्य केलं. मुलाला दत्तक न घेतलेल्या सावत्र बापाची कमाई धरायची असेल, तर एक तर राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने त्याच्यावर सख्ख्या बापासारखी जबाबदारी टाकलेली असली पाहिजे, नाहीतर तो प्रत्यक्षात किती पैसे देतो याचा पुरावा हवा. नुसतं गृहीत धरून चालणार नाही.

मला या दोन कसोट्या फार मोलाच्या वाटतात. बांधलेला आहे का? नसेल, तर देतो आहे का? दोन्हीला 'नाही' असेल तर कागदावरच्या त्या आकड्याने कोणाचं पोट भरत नाही.

त्या वेळी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. अकरा वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, ऑगस्ट १९८१ मध्ये, खर्चकपातीचा एक मोठा कायदा आला आणि त्यात सावत्र बापाची (आणि सावत्र आईचीही) कमाई देशभर मदतीच्या हिशेबात धरायला सुरुवात झाली. त्याचा स्वतःचा, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा खर्च वजा करायचा आणि उरेल ते मुलांना मिळालंच असं समजायचं. खरोखर मिळालं का, हे विचारायचं नाही. १९९६ साली ती जुनी मदत योजनाच रद्द झाली आणि नवी आली, तिचे नियम बरेचसे राज्यांवर सोपवले गेले.

हे झालं सरकारी मदतीचं. भाचीचा प्रश्न वेगळा होता: सरकारकडून नव्हे, तर जन्मदात्याकडून मिळणाऱ्या पोटगीचा. तिथे तत्त्व बरंच स्पष्ट आहे. आईने लग्न केलं म्हणून सख्ख्या बापाची जबाबदारी संपत नाही. नव्या नवऱ्याने मुलाला कायदेशीर दत्तक घेतलं तर गोष्ट वेगळी, मग बापपण त्याच्याकडे जातं आणि पुढची देणीही.

बहुतेक राज्यांत नव्या जोडीदाराची कमाई पोटगीच्या सूत्रात थेट येत नाही. टेक्सासच्या कायद्यात तर दोन्ही बाजूंनी दार बंद आहे. देणाऱ्या बापाने दुसरं लग्न केलं तर नव्या बायकोची कमाई त्याच्या कमाईत मिळवायची नाही, आणि तिचा किंवा तिच्या मुलांचा खर्च वजाही करायचा नाही. कॅलिफोर्नियातही ती कमाई धरत नाहीत, पण एक अपवाद ठेवला आहे. ती न धरल्याने मुलाची फारच ओढाताण होणार असेल, तर न्यायाधीश तिचा विचार करू शकतात. उदाहरणही कायद्यातच दिलंय: पोटगी टाळायला मुद्दाम नोकरी सोडून नव्या जोडीदाराच्या जिवावर बसलेला पालक. असे महाभाग सगळीकडे असतात! मात्र नवीन जोडप्याने आयकर एकत्र भरला तर कराचा आकडा बदलतो आणि त्या मागच्या दाराने पोटगीतही थोडाफार फरक पडू शकतो. शिवाय वॉशिंग्टनसारखं राज्य आहे, जिथे लग्न टिकून आहे तोवर सावत्र मुलांचा खर्चही कुटुंबाचाच खर्च मानतात. तेव्हा भाचीला सांगितलं, मैत्रिणीला म्हणावं घाबरू नकोस, पण आपल्या राज्यातल्या वकिलाला विचारून घे.

ब्रिटननेही बरेच हेलकावे खाल्ले. १९९३ साली तिथे 'चाइल्ड सपोर्ट एजन्सी' सुरू झाली. तिच्या लांबलचक सूत्रात देणाऱ्याच्या नव्या जोडीदाराची कमाईही एका टप्प्यावर येई. त्यावरून इतकी भांडणं झाली की २००३ साली सोपं सूत्र आणलं: एका मुलाला निव्वळ कमाईच्या १५ टक्के, दोघांना २०, तीन किंवा जास्त मुलांना २५. नव्या जोडीदाराची कमाई हिशेबातून गेली. पण देणाऱ्याच्या घरात सावत्र मुलं राहत असतील तर त्यांच्यासाठी आधी थोडी रक्कम बाजूला काढायची. टेक्सासमध्ये जे चालत नाही ते ब्रिटनमध्ये चालतं. सख्खं लेकरू दूर आणि सावत्र ताटाशी, अशा वेळी पहिला घास कोणाचा? दोन शहाण्या समाजांनी दोन उत्तरं दिली, आणि मला दोन्हीत तथ्य वाटतं.

आता आपल्याकडे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ वं कलम होतं. बायकोला, औरस वा अनौरस मुलाला पोसायचं टाळणाऱ्या पुरुषाला मॅजिस्ट्रेट पोटगी द्यायला लावी. कमाल मर्यादा महिना ५० रुपये. ती १९२३ मध्ये १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या नव्या संहितेत तेच १२५ वं कलम झालं, मर्यादा ५०० चीच राहिली. ती उठायला २००१ साल यावं लागलं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमाचा नंबर १४४ झाला. घराघरांत मात्र अजून 'एकशे पंचवीस'च म्हणतात.

या सगळ्या प्रवासात मूल म्हणजे औरस किंवा अनौरस, पण त्या माणसाचं. सावत्र मूल यात नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्येही नाही. उलट त्या कायद्यात 'पालक' या शब्दात अपत्यहीन सावत्र आईचा समावेश आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की मूलबाळ नसलेली सावत्र आई विधवा असेल, किंवा नवरा तिला पोसू शकत नसेल, तर ती सावत्र मुलाकडे पोटगी मागू शकते. म्हणजे सावत्र नातं कायद्याला खालून वर दिसतं, वरून खाली दिसत नाही!

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सुशिक्षित माणसांचाही इथे घोटाळा होतो. घटस्फोटित बाईने पुन्हा लग्न केलं तर या कलमाखालची तिची स्वतःची पोटगी थांबते. मुलाची थांबत नाही. मुलाच्या हक्काला तशी अटच नाही. १९५६ च्या कायद्याने तर मुलाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली आहे. २००० साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचं गणितच मांडून दाखवलं. बापाचा पगार आईच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक मुलाच्या महिना ३,००० रुपयांतले २,००० बापाने द्यायचे, १,००० आईने. त्रैराशिक आहे साधं. त्यात तिसऱ्या माणसाचा रकाना नाही.

रकान्यावरून आठवलं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ई.बी.सी.ची फी-सवलत असे. पालकाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत असेल तर मुलाला फी माफ. वर्गशिक्षिका म्हणून ते फॉर्म मी भरून घेत असे. एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील लहानपणीच गेलेले, आईने दुसरं लग्न केलेलं. फॉर्मवर कोणाचं उत्पन्न लिहायचं? कार्यालयाने सांगितलं, घरातल्या कर्त्या पुरुषाचं. त्यांचा पगार मर्यादेच्या थोडासाच वर होता, सवलत गेली. ते गृहस्थ शाळेत आले, तक्रार केली नाही, फीचे पैसे मोजून दिले आणि पावती जपून खिशात ठेवली. दहावीपर्यंत दर सत्राला तेच येत. मुलगा त्यांना 'काका' म्हणायचा.

त्या माणसावर कुठल्याही कायद्याने सक्ती नव्हती. फॉर्मने मात्र तो देतोच आहे असं धरलं होतं, आणि तो खरोखर देत होता. हे त्या मुलाचं नशीब. १९७० सालच्या त्या दुसऱ्या कसोटीत तो माणूस पूर्ण गुणांनी पास झाला असता. पण दुसऱ्या घरात, दुसरा माणूस असता, त्याने 'माझं काय देणं लागतं?' म्हटलं असतं, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचंही चुकलं नसतं. मग सवलतही गेली आणि फी भरणाराही नाही, अशा मुलाने काय करायचं होतं?

सावत्र बापाची माया ही मिळाली तर ठेव आहे, तिच्या भरवशावर सख्ख्याने किंवा सरकारने आपलं देणं बुडवू नये, एवढंच दोनशे वर्षांचा हा सगळा पसारा वाचून मला कळलं. आई एकटी राहो की पुन्हा संसार मांडो, पोराची भूक तेवढीच असते.

तुमच्या पाहण्यात असे कोणी 'काका' असतील तर जरूर लिहा. नाव नको, गोष्ट पुरे.